भिंतीवरचा ख्रिस्त कोणाचा?

घरातल्या भिंतीवर ख्रिस्ताची तसबीर टांगली होती, एवढ्या एका कारणावरून अमरावतीच्या जात पडताळणी समितीने एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा महार जातीचा दावा फेटाळला. दक्षता पथक घरी आले, भिंतीकडे पाहिले, तसबीर दिसली आणि निष्कर्ष निघाला, की हे कुटुंब ख्रिस्ती झाले, सबब अनुसूचित जातीचा लाभ नाही. कुटुंबाचे म्हणणे असे, की आम्ही बौद्ध परंपरा पाळतो आणि ही तसबीर आम्हाला कोणीतरी भेट दिलेली आहे. ते ऐकले गेले नाही. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द केला. घरात ख्रिस्ताचे चित्र असणे म्हणजे धर्मांतर झाले, असे कोणताही शहाणा माणूस मानणार नाही, असे न्यायालयाने समितीला सुनावले.

त्या मुलीला न्याय मिळाला, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु या प्रकरणाकडे केवळ एका दाखल्याचा वाद म्हणून पाहून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. उच्चवर्णीयाच्या दिवाणखान्यात मायकेलँजेलोच्या चित्राची प्रत लागली तर ती कलेची आवड ठरते. गोव्याहून आणलेली हस्तिदंती मरिया त्याच्या कपाटात ठेवली तर ती सुसंस्कृतपणाची खूण ठरते. तीच मरिया, तोच ख्रिस्त महार-मांगाच्या भिंतीवर आला, की तो सरकारी पुरावा होतो! चित्र तेच, भिंत बदलली की अर्थ बदलतो. धर्माचे चित्र हे नुसते श्रद्धेचे काम नसते, त्यात सत्ता असते आणि दर्जा असतो. ही गोष्ट या देशात कोणत्याही कलासमीक्षकापेक्षा जात पडताळणी समितीला अधिक नेमकी कळते, असेच म्हणावे लागेल.

हा विषय बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांना लांबचा वाटू नये. बीडच्या वस्त्यांतील घरांत भिंतीवर बाबासाहेब असतात, तथागत असतात, माता रमाई असतात, मातंग वस्तीत अण्णाभाऊ असतात. आणि काही घरांत या रांगेच्या टोकाला हरेगावच्या यात्रेहून आणलेली मतमाउलीची छोटी तसबीरही असते. आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो. या नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले. उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, आणि त्या गावात आलेले लोक प्रामुख्याने मांग समाजातले होते. कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, त्यात बीड जिल्हा येतो. म्हणजे हा प्रश्न रोमचा किंवा गोव्याचा नाही, तो आमच्या शेजारच्या गल्लीतला आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोक छळले जात होते, तेव्हा रोमजवळच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर त्यांनी ख्रिस्त काढला तो कसा? खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ. दाढी नाही, मुकुट नाही, सिंहासन नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर रानातला धनगर. गुलाम, मजूर, विधवा अशा लोकांचा जो धर्म होता त्याचा देव त्यांच्याच वेषात उभा होता. मग ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला राजमान्यता दिली आणि चित्र पालटले. इटलीतील राव्हेन्ना शहरात ५४७ साली पूर्ण झालेल्या सान व्हिताले या चर्चमध्ये ख्रिस्त जांभळ्या राजवस्त्रात पृथ्वीगोलावर बसला आहे, आणि त्याच चर्चच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन डोक्यामागे सोन्याचे तेजोवलय घेऊन उभा आहे. देवाला राजाचे कपडे चढले आणि राजाला देवाचे तेज मिळाले. मेंढपाळाचा सम्राट झाला. हा बदल बायबलमध्ये झालेला नाही, भिंतीवर झाला आहे. ग्रंथ तोच राहतो, पण चित्र काढून घेणारा बदलला की देवही बदलतो.

पुढच्या काळात सम्राटाची जागा सावकाराने घेतली. फ्लॉरेन्सच्या मेदिची या सावकार घराण्याने १४५९ साली आपल्या वाड्यातल्या प्रार्थनागृहात बाळ ख्रिस्ताच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक रंगवून घेतली, आणि त्या मिरवणुकीत घोड्यावर कोण बसले? मेदिची घराण्यातले बापलेक! आपल्याकडे मंदिराच्या पायरीवर आणि कमानीवर देणगीदाराचे नाव कोरतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

निळ्या रंगाची गोष्ट तर आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. मरियेचा झगा निळा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. हा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या राजावर्त नावाच्या दगडापासून करत आणि तो अत्यंत महाग असे. १४८५ साली गिर्लांदायो या चित्रकाराने फ्लॉरेन्समधील एका अनाथालयाच्या चर्चसाठी चित्राचा करार केला. निळा रंग औंसाला सुमारे चार सुवर्णनाणी या किमतीचाच वापरावा, असे त्या करारात लिहिलेले आहे. टाकून दिलेली पोरे जेथे वाढत होती, तेथल्या देवमातेच्या झग्याची किंमत करारात ठरली होती! पाहणाऱ्याला रंगावरून देणाऱ्याची ऐपत कळावी, हा त्यातला हेतू. निळा रंग आमचाही आहे. पण आमचा निळा आभाळाचा आहे, तो औंसावर विकला जात नाही आणि कोणाच्या ऐपतीची साक्ष देत नाही. एकाच रंगाचे हे दोन अर्थ ज्याला कळले, त्याला कला आणि सत्ता यांचे नाते समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

मात्र सगळी ख्रिस्ती कला सत्तेची बटीक होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइम येथील मठासाठी एक वेदीचित्र केले. या मठात एका भयंकर रोगाच्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाल्ल्याने हा रोग होई, म्हणजे तो मुख्यतः गरिबाचा रोग. अंगाची आग होई, हातपाय सडत, ते कापावे लागत. त्या रोग्यांसमोर ग्रुनेवाल्डने जो क्रुसावरचा ख्रिस्त ठेवला त्याच्या अंगावर फोड आहेत, कातडी हिरवी पडली आहे, बोटे वेदनेने ताठरली आहेत. रोग्याने वर पाहिले की त्याला आपलेच शरीर दिसे. देव आपल्यासारखा आहे आणि तो आपल्या बाजूला आहे, हे सांगायला त्याला सोन्याची गरज पडली नाही. चित्र कोणासाठी काढले, या एका प्रश्नाने सगळा फरक पडतो, तो असा.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा मूर्ती घडवणारे हात कोणाचे होते? इथल्याच कारागिरांचे. परंतु १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मसभेने ठरवले, की ख्रिस्ती लोकांनी आपल्या धर्माची चित्रे आणि पूजेच्या वस्तू अन्यधर्मी कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. हात चालतो, पण हाताचा धनी चालत नाही, ही रीत आम्हाला नवीन नाही. देवळाचा दगड फोडायला आमचा बाप चालत होता, त्या दगडाचा देव झाल्यावर मात्र त्याची सावली चालत नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठी भाषेचा गौरव म्हणून त्याची थोरवी आम्ही मान्य करतो. पण ते कोणाच्या मागणीवरून झाले? नव्याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते म्हणून. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला श्रोताच उच्चवर्णीय होता, हे विसरून चालणार नाही.

चर्चमधल्या वस्तूंचा प्रवासही असाच बोलका आहे. १७३९ साली चिमाजी अप्पाने वसई जिंकली आणि तेथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा अशीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे असे सांगतात. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची पद्धत तिच्यामुळेच पडली. विटाळाचे एवढे स्तोम माजवणाऱ्या धर्माला परधर्माच्या चर्चमधली घंटा गाभाऱ्यासमोर टांगताना विटाळ झाला नाही. मात्र त्याच नाशिकमध्ये, त्याच गोदावरीच्या काठी, २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमची माणसे काळाराम मंदिराच्या दारात उभी राहिली तेव्हा दार बंद झाले. पितळ शुद्ध होते, माणूस होत नाही! धार्मिक वस्तूचा दर्जा तिच्या मालकाच्या सत्तेवर ठरतो, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

एकोणिसाव्या शतकात नगर आणि मराठवाड्यात जे ख्रिस्ती झाले ते बव्हंशी महार आणि मांग. त्यांना मिशनने काय दिले, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. शाळा दिली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरच्या मिस फरार यांच्याकडे. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने. गावोगावची प्रार्थनाघरे महारवाड्यातच उभी राहिली आणि म्हणून सवर्ण तिकडे फिरकले नाहीत. या प्रार्थनाघरांच्या भिंती कोऱ्या होत्या, कारण अमेरिकन मिशनरी मूर्ती-चित्रांच्या विरोधातले होते. त्यामुळे आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसाची कला भिंतीवर आली नाही, ती गळ्यात आली. टाळ, मृदंग, कीर्तन आणि भजन. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली आणि गावकुसाबाहेरच्या गळ्यांनी ती रुंद केली.

पण नाव कोणाचे झाले? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ते मोठे कवी होते, माणूसही दिलदार होते, त्यांच्या घरात महार-मांगांची मुले वाढली, आणि जातीचा विटाळ मनातून कसा गळून पडला हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या प्रांजळपणे लिहिले तसे लिहिणारे मराठीत थोडे. त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. आमचा प्रश्न व्यवस्थेला आहे. हजारो महार-मांग ख्रिस्ती झाले तरी महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाला ख्रिस्ती म्हणून आठवतात ते टिळक, पंडिता रमाबाई आणि बाबा पदमनजी. बेथेलला आलेल्या मांगांपैकी एकाचे तरी नाव कोणाला सांगता येईल का? मंडळी बहुजनांची आणि चेहरा अभिजनांचा, हे चर्चमध्येही झाले.

आणि भिंत तरी किती दिवस कोरी राहणार? तिच्यावर छापील तसबीर आली. शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने १९४० साली ख्रिस्ताचा एक चेहरा रंगवला, पिंगट केसांचा आणि गोऱ्या कातडीचा. त्याच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या असे सांगतात. पॅलेस्टाईनच्या उन्हात रापलेला सुताराचा पोर युरोपियन साहेबासारखा दिसू लागला आणि तसाच आमच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. गोरा रंग म्हणजे देवाचा रंग, हे शिकवायला कोणी प्रवचन दिले नाही, ते काम दिनदर्शिकेने केले.

याला उत्तर म्हणून ‘भारतीय’ ख्रिस्ती कला पुढे आली. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे त्यातले मोठे नाव. शांतिनिकेतनात ते शिकले. मरियेला त्यांनी साडी नेसवली, सावळा वर्ण दिला. हे गोव्यातल्या कर्मठ ख्रिस्ती समाजाला रुचले नाही. फोन्सेका पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत रंगवत राहिले. त्यांचे धाडस मोठे होते. पण ‘भारतीय’ म्हणजे कोणता भारत, हा प्रश्न या संपूर्ण प्रवाहाला विचारलाच पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर आले ते कमळ, समई, पद्मासन, ध्यानमुद्रा आणि संन्याशाची वस्त्रे. युरोपचा झगा उतरवला आणि वर उपरणे घातले! ज्यांच्या बळावर भारतात चर्च उभे आहे त्या दलित-आदिवासींच्या अंगावरचे कापड, त्यांच्या हातातली हत्यारे, त्यांची वाद्ये चित्रात आली ती फार उशिरा आणि फार थोडी. मराठी दलित ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राची मांडणी केली, ती याच वृत्तीवर बोट ठेवून. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणजे ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद, हे समीकरण त्यांनी नाकारले.

२००८ साली मुंबईत कॅथलिक प्रकाशनाने काढलेल्या एका बायबलमध्ये साडीतली, कपाळावर टिकली असलेली मरिया आणि फेटा बांधलेला योसेफ असे गरीब कुटुंब रेखाटले गेले. ते पाऊल योग्य दिशेने होते. परंतु नुसते कापड बदलून भागत नाही. २०१३ साली रांचीजवळ धुर्वा येथे लाल काठाच्या पांढऱ्या साडीतला मरियेचा पुतळा बसवला तेव्हा सरना धर्म पाळणाऱ्या आदिवासींनीच आक्षेप घेतला, की आमची वस्त्रे तुमच्या प्रचारासाठी का वापरता? हा आक्षेप आम्ही धुडकावणार नाही. ज्याचे रूप घ्यायचे त्याला निर्णयात वाटा द्यायचा नाही, असे असेल तर ती कला समतेची न होता उसनवारीची होते.

विशेष म्हणजे आमच्या मातीतला ख्रिस्त दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी रेखाटून ठेवला आहे, आणि तो कोणत्याही चर्चने नव्हे, महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव ख्रिस्ताला बळीराजा म्हणतात. ज्याला कपटाने पाताळात गाडले, ज्याचे राज्य परत यावे म्हणून इथल्या आयाबहिणी आजही ओवाळतात, तो बळी. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण ख्रिस्ताला त्यांनी वामनाच्या पायाखालचा म्हणून ओळखले. कमळावर बसलेल्या ख्रिस्तापेक्षा आम्हाला हा ख्रिस्त जवळचा वाटतो. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातल्या किती चर्चच्या भिंतींवर हा बळीराजा आला?

बीड जिल्ह्यात तर त्याचे चित्र शोधायला फार लांब जावे लागणार नाही. नाताळात चर्चमध्ये गवताचा गोठा करतात, त्यात बाळ ठेवतात. सरकारच्या हुकमावरून शिरगणतीसाठी निघालेले गरीब जोडपे, वाटेत दिवस भरलेली बाई, धर्मशाळेत जागा नाही, म्हणून गुरांच्या गोठ्यात बाळंतपण. हे दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटते का? ऐन नाताळात, गळीत हंगाम भरात असतो तेव्हा, बीडची लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन नगर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली आणि पार कर्नाटकाच्या फडात असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाचटाची कोपी, शेजारी बैल, पोटातले पोर आणि डोक्यावर उसाची मोळी. कोपीत जन्मलेल्या पोराला पाहायला कोणी राजा येत नाही, दुसऱ्या दिवशी मुकादम येतो. वंजारी, मातंग, बौद्ध, लमाण, मराठा, सगळ्या जातींचे गरीब त्यात आहेत, आणि सर्वांत खालच्या पायरीवर कोण हे सांगण्याची गरज नाही.

२०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जे आकडे आले ते प्रत्येकाने पाठ करावेत. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचे चार दिवस खाडा होतो, खाडा झाला की दंड पडतो, दुखणे अंगावर काढले की ते वाढते, आणि मग डॉक्टर पिशवी काढून टाकायला सांगतो. मरियेच्या उदराची स्तुती गाणाऱ्या धर्माला आणि आईच्या पायाखाली स्वर्ग सांगणाऱ्या सर्वच धर्मांना आम्ही विचारतो, की या तेरा हजार आठशे एकसष्ट उदरांचे चित्र तुमच्या कोणत्या भिंतीवर आहे? ग्रुनेवाल्डने आपल्या काळातल्या रोग्याचे फोड देवाच्या अंगावर काढले. बीडच्या चित्रकाराने मरियेच्या हाती कोयता दिला, तिच्या पोटावरचा टाक्यांचा वण दाखवला, तर तो धर्मद्रोह ठरेल की धर्म?

हरेगावची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होऊ शकत नाही. श्रीरामपूर तालुक्यातले हे गाव बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचे. १९४९ पासून तेथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. ‘माउली’ हा शब्द पाहा. विठोबाला लावतात, ज्ञानेश्वरांना लावतात, तोच मरियेला लावला, आणि लावला तो पंडितांनी नव्हे, लोकांनी. ख्रिस्ती, बौद्ध, मातंग, धनगर, मुसलमान सगळे नवस फेडायला येतात, तेथे कोणी जात विचारत नाही. २०२३ साली या यात्रेचे पंचाहत्तरावे वर्ष होते. त्याच वर्षी, यात्रेच्या दोन आठवडे आधी, २५ ऑगस्टला, त्याच हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. ज्या गावात क्रुसावर टांगलेल्या माणसाच्या आईपुढे लाखो लोक हात जोडतात, त्या गावात जिवंत पोरे झाडाला टांगली जातात! क्रूस म्हणजे दुसरे काय होते? रोमन सत्तेने गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यावर टांगण्याची ती पद्धत होती. सोन्याचा मुलामा देऊन देऊन आपण त्या लाकडाचा अर्थ विसरलो. हरेगावच्या झाडाने तो पुन्हा दाखवून दिला.

बाबासाहेबांनी हे सर्व फार आधी ओळखले होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचा आदर उघडपणे व्यक्त केला, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर व ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेवर परखड बोट ठेवले. हा जातिभेद केवळ मनात नव्हता, विटा-चुन्यात होता. तमिळनाडूत वडक्कनकुलम येथे १८७२ साली चर्चच बांधले ते दोन फाट्यांचे. वेदी एक, पण बसायच्या जागा जातवार आणि मध्ये भिंत! ती भिंत पडायला १९१० साल उजाडावे लागले. देवाचे घर बांधणाऱ्याने घराच्या नकाशातच जात काढली. ख्रिस्ती वास्तुकलेचा याहून प्रामाणिक नमुना आम्हाला तरी माहीत नाही.

आणि आता राज्यसत्ता काय म्हणते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आणि जुलै २०२५ मध्ये आमच्या राज्याचे मुख्यमंत्री विधान परिषदेत जाहीर करतात, की हिंदू, बौद्ध व शीख यांखेरीज अन्य धर्मीयांनी घेतलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द करू. म्हणजे उद्या दक्षता पथके पुन्हा घरोघर भिंती पाहत फिरणार काय? मतमाउलीच्या यात्रेहून आणलेली दहा रुपयांची तसबीर पोरीच्या प्रवेशावर वरवंटा फिरवणार काय? जात गावाला माहीत असते, पाणवठ्याला माहीत असते, मसणवट्याला माहीत असते. देव बदलला म्हणून गाव ती विसरत नाही. मग कायद्यानेच तेवढी का विसरावी?

याविषयी आमची भूमिका स्वच्छ आहे. आम्ही धम्माच्या मार्गाने गेलो, बाबासाहेबांनी दाखवलेला तोच मार्ग मुक्तीचा आहे ही आमची निष्ठा अढळ आहे. पण जो मांग, जो महार दुसऱ्या दाराने बाहेर पडला, तो आमच्याच वाड्यातून बाहेर पडला होता. आमच्या ताटातले कमी होईल या भीतीने त्याच्या हक्काला विरोध करणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणारे नाही. आरक्षणाचा टक्का वाढवून त्यांना सामावून घ्या, ही मागणी चळवळीने करावी.

धर्मप्रांताच्या धुरीणांनाही आमचे सांगणे आहे. विश्वस्त मंडळात, शाळांच्या व्यवस्थापनात, दवाखान्यांच्या समित्यांत मराठवाड्यातले दलित ख्रिस्ती किती, याचा हिशेब नाताळच्या आरासीआधी मांडा. भिंतीवर ख्रिस्त कसा दिसावा हे ठरवणाऱ्या बैठकीत उसाच्या फडातून आलेली एक बाई बसू द्या. चित्र आपोआप बदलेल.

आणि शेवटी आरसा स्वतःकडेही फिरवला पाहिजे. कार्ल्याच्या लेण्याला या. चैत्यगृहाच्या दारावर दान कोरले आहे ते धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या घराला दार देणारा सुतार आपले नाव लिहू शकत होता, हे आमच्या कलेचे वैभव. आज आमच्या विहारांवर, आमच्या पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर नावे कोणाची आहेत? आमदारांची, ठेकेदारांची, आणि मूर्तीपेक्षा मोठ्या फलकावर हसणाऱ्या साहेबांची. मेदिचीच्या घोड्यावर आमचेही काही लोक बसू लागले आहेत. मेंढपाळाचा सम्राट व्हायला तीनशे वर्षे लागली होती. संविधान हाती घेऊन बोट दाखवत उभ्या असलेल्या महामानवाला नुसता हारांचा धनी करायला आपण किती वर्षे घेणार आहोत? वस्तीवस्तीतून रुपया-रुपया वर्गणीने उभ्या राहिलेल्या पुतळ्याला जो मान आहे, तो एका धनिकाच्या देणगीतून आलेल्या पुतळ्याला नाही, हे ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.

भिंतीवरचे चित्र कोणी काढले, कोणाच्या पैशाने काढले, कोणासाठी काढले आणि त्यात आपला माणूस कोठे उभा आहे, हे चार प्रश्न प्रत्येक देवाला विचारायला शिका, मग तो चर्चमधला असो, मंदिरातला असो वा विहारातला. जो या प्रश्नांना घाबरतो तो सत्तेचा देव. जो उत्तर द्यायला उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत उतरतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही.

जय भीम!